नळाचें पाणी : तळ्यापासून तांब्यापर्यंत

पहाटेचे साडेपांच वाजलेले असतात. गृहिणी स्वयंपाकघरांतील नळाची चावी फिरविते. आरंभीं नुसता फुसफुसाट ऐकूं येतो, मग दोन-चार आचके देत पाणी येतें आणि तें असतें कोऱ्या चहाच्या रंगाचें. बादलीभर पाणी वाहून गेल्यावर रंग फिका होतो, हंडा भरतो आणि घराचा दिवस सुरू होतो. परंतु हंड्यावर झांकण ठेवतांना एक प्रश्न तिच्या मनांत डोकावल्याशिवाय राहत नाहीं : हें पाणी मुलांना द्यावें कीं नाहीं?

या प्रश्नाला घराघरांतून दोन ठरीव उत्तरें मिळतात. एक म्हणतो, ‘म्युनिसिपालिटीचें पाणीच असलें, त्याला कोण काय करणार?’ दुसरा म्हणतो, ‘एखादें यंत्र बसवून टाका, म्हणजे झालें.’ नाडी न पाहतांच औषध देणाऱ्या वैद्यासारखी ही दोन्ही उत्तरें आहेत. दोष पाण्यांत आहे, रस्त्यांतील नळांत आहे, इमारतीच्या टाकींत आहे कीं घरांतल्या हंड्यांत आहे, हें ठरल्यावांचून उपाय सुचणें शक्य नाहीं; आणि तें ठरविण्यासाठीं पाण्याचा प्रवास थोडक्यांत तरी ठाऊक असला पाहिजे.

मुंबईचेंच उदाहरण घेतां येईल. बेटावरील विहिरी व तळीं वाढत्या वस्तीला अपुरीं पडूं लागलीं, तेव्हां १८५६ सालीं मिठी नदीला बांध घालून विहार तलावाचें काम हातीं घेण्यांत आलें आणि १८६० सालीं त्याचें पाणी शहराला मिळूं लागलें. त्यापाठोपाठ १८७९ सालीं तुळशी व १८९२ सालीं तानसा हे तलाव आले. पुढें १९५७ सालीं वैतरणेवरील मोडक सागर, १९७३ सालीं ऊर्ध्व वैतरणा, नंतर भातसा आणि २०१४ सालीं मध्य वैतरणा अशी भर पडत गेली. आज सात तलावांचें पाणी या शहराला पुरविलें जातें, आणि त्यांतील बरेंचसें कित्येक कोस दूरच्या ठाणें व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागांतून येतें. भांडुप येथील शुद्धीकरण केंद्रांत पाण्यांत तुरटीच्या जातीचें द्रव्य मिसळतात. त्यानें बारीक गाळाचे कण एकमेकांस चिकटून जड होतात व तळाशीं बसतात. वरचें निवळ पाणी वाळूच्या थरांतून गाळलें जातें व शेवटीं त्यांत क्लोरीन घातला जातो. तेथून पाणी शहरांतील उंच जागच्या जलाशयांत येतें. मलबार हिलवरील हँगिंग गार्डनच्या हिरवळीवर फिरणाऱ्या पुष्कळांना आपल्या पायांखालीं असाच एक जलाशय आहे, याची कल्पनाहि नसते.

येथवर पाण्याची राखण जाणत्या माणसांच्या हातीं असते, व तपासणीहि नित्य चालते. खरी कसोटी पुढें आहे. जलाशयापासून घरापर्यंतचा नळ रस्त्याखालून जातो. त्याच्या शेजारीं पावसाच्या पाण्याचीं व मैल्याचीं गटारेंहि असतात. आपल्याकडील बहुतेक शहरांत पाणी दिवसांतून कांहीं तासच येतें. जोंपर्यंत नळ दाबानें भरलेला आहे, तोंपर्यंत त्याला एखादी चीर असली तरी पाणी आंतून बाहेर जाईल. नासाडी होईल, परंतु बाहेरची घाण आंत येणार नाहीं. पुरवठा बंद झाला कीं दाब उतरतो. खालच्या वस्तींतील नळ उघडे असले तर वरच्या भागांतील पाणी त्यांच्याकडे ओघळूं लागतें, नळांत पोकळी होते आणि तीच चीर आतां बाहेरचें पाणी आंत ओढूं लागते. सांध्याच्या भोंवतीं गटाराचें पाणी मुरलेलें असेल तर तें नळांत शिरतें व दुसऱ्या दिवशीं पहिल्या धारेबरोबर घरोघर पोहोंचतें. मुख्य नळाला थेट पंप लावून पाणी खेंचणें निषिद्ध मानलें आहे, तें शेजाऱ्याच्या वांट्याचें पाणी पळविलें जातें एवढ्याचसाठीं नव्हे. त्या ओढीनें स्वतःच्या व शेजाऱ्याच्या नळांत घाण शिरण्याची वाट मोकळी होते, हें त्याचें अधिक गंभीर कारण आहे.

या धोक्याचा विचार करूनच क्लोरीनचा कांहीं अंश पाण्यांत शिल्लक ठेवण्यांत येतो. भारतीय मानक ब्यूरोच्या १०५०० क्रमांकाच्या मानकांत, २०१२ सालच्या आवृत्तीप्रमाणें, घरच्या नळाशीं एक लिटर पाण्यांत निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असावा असें म्हटलें आहे. हा जणुं पाण्याबरोबर पाठविलेला पहारेकरीच होय. पाण्याला औषधाचा किंचित् वास येतो म्हणून कित्येक घरांत नाक मुरडलें जातें. वस्तुतः तो सौम्य वास पहारेकरी जागा असल्याची खूण आहे. चिंता करावी ती, नेहमीं येणारा हा वास एकाएकीं नाहींसा झाला व त्याच्या जागीं कुबट वास येऊं लागला तर.

तथापि पहारेकऱ्याच्या शक्तीलाहि मर्यादा असते. १९५५ सालच्या अखेरीस दिल्लींत यमुनेचें पाणी जेथून घेतलें जाई, तेथें मैलापाणी नदींत मिसळून शिरलें. अधिकाऱ्यांनीं तुरटी व क्लोरीन यांचें प्रमाण वाढविलें आणि त्यायोगें विषमज्वरासारखे रोग आटोक्यांत राहिले. परंतु डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ या काळांत शहरांत कावीळ पसरली व सुमारें २९,००० माणसें पिवळीं पडलीं. हा ‘ई’ प्रकारच्या काविळीचा विषाणु होता, हें पुष्कळ वर्षांनंतर, जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून उलगडलें. ही कावीळ गर्भवती स्त्रियांना विशेष घातक ठरते. अलीकडे, २०२५ सालच्या जानेवारींत, पुण्यांत सिंहगड रस्त्याच्या आसपास हातापायांतील बळ एकाएकीं नाहींसें करणाऱ्या गुइलन-बारे विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येनें आढळले. कांहीं रुग्णांच्या तपासणींत दूषित अन्नपाण्यांतून पोटांत जाणारे जंतु सांपडले आणि साऱ्यांचें लक्ष त्या भागांतील विहिरींकडे व पिण्याच्या पाण्याकडे वळलें. दोन्ही प्रसंगांचा बोध एकच : दिसावयास स्वच्छ असलेलें पाणी निर्दोष असतेंच असें नाहीं, आणि मैल्याचा शिरकाव थांबविणें हाच मूळ उपाय होय, औषध हा त्यानंतरचा.

मग पाण्यानें दाखविलेल्या खुणांना कांहींच अर्थ नाहीं काय? पुष्कळ आहे, फक्त त्या नीट वाचतां आल्या पाहिजेत. कांचेचा एक स्वच्छ पेला घेऊन त्यांत पाणी भरावें व पांच मिनिटें स्थिर ठेवावें. पाणी दुधाळ दिसत असेल आणि तो पांढरेपणा तळाकडून वर निवळत गेला, तर ती केवळ हवा आहे असें समजावें. दाबाखालीं पाण्यांत विरघळलेली हवा नळांतून बाहेर पडतांच बारीक बुडबुड्यांच्या रूपानें मोकळी होते. तिच्यापासून अपाय नाहीं. उलट, वरचा भाग आधीं निवळून तळाशीं साका बसला, तर तो गाळ होय. पहाटेच्या पहिल्या धारेंत तांबूस रंग असेल व थोड्या वेळानें जात असेल, तर तो बहुधा लोखंडी नळाचा गंज असतो. लोखंडी नळाला आंतून जस्ताचा मुलामा असतो; वर्षानुवर्षें पाणी वाहून तो झिजला कीं उघडें पडलेलें लोखंड गंजूं लागतें आणि रात्रभर सांचून राहिलेल्या पाण्यांत तो गंज उतरतो. गंज विषारी नव्हे. तथापि नळ आंतून झिजत चालल्याची ती सूचना आहे, आणि झिजलेल्या नळाला चीर पडण्यास वेळ लागत नाहीं.

मोरींत नळाखालीं हिरवट-निळसर डाग पडले तर तांब्या-पितळेचा अंश पाण्यांत उतरत आहे असें समजावें. सडक्या अंड्यासारखा वास सर्व नळांना येत असेल तर टाकी किंवा विहीर तपासावी; एकाच मोरीजवळ येत असेल तर पाण्यापेक्षां मोरीच्या जाळीखालील सांडपाण्याचा संशय घ्यावा. भांड्यांवर पांढरें किटण चढतें, डाळ लवकर शिजत नाहीं व साबणाला फेंस येत नाहीं, तेव्हां पाणी जड आहे. पाठ्यपुस्तकांत त्यालाच दुष्फेन म्हणतात. त्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. मुंबई-पुण्याचें धरणाचें पाणी सामान्यतः मऊ असतें. म्हणून अशा घरांत किटण एकाएकीं दिसूं लागलें, तर इमारतीच्या टाकींत कूपनलिकेचें अथवा टँकरचें पाणी मिसळलें जात आहे काय, याची चौकशी करणें शहाणपणाचें होय.

एक दोष मात्र कोणतीच खूण दाखवीत नाहीं, तो शिशाचा. शिशाला रंग, वास किंवा चव नसते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला तें बाधक आहे. फार जुन्या घरांतील सांधे, हलक्या प्रतीच्या पितळी तोट्या यांतून तें पाण्यांत उतरूं शकतें. कांहीं प्लॅस्टिकच्या नळांतहि तें मिसळलेलें असे; भारतांत २०२१ सालच्या नियमांनीं त्याला बंधन घातलें. रात्रभर नळांत स्थिर राहिलेलें पाणी पिण्यास किंवा स्वयंपाकास न घेणें आणि गरम पाण्याच्या नळाचें पाणी पोटांत न जाऊं देणें, या दोन संवयी सोप्या असून उपयोगी आहेत. पहिलें पाणी फुकट घालवावयाचें मुळींच कारण नाहीं. लादी पुसण्यास व झाडांना तें चांगलें चालतें.

खुणा ओळखल्यावर दोषाचें ठिकाण शोधावें. त्याची रीत एखाद्या तपासनिसाच्या कामासारखी आहे. बिघाड एकाच नळाला आहे काय? तर दोष त्या तोटींत किंवा तिच्या जोडनळींत आहे. घरांतील सर्व नळांना आहे, परंतु शेजारच्या बिऱ्हाडांत नाहीं? तर दोष घरांतल्या नळांत आहे. साऱ्या इमारतींत आहे? मग तळमजल्यावर थेट रस्त्यावरून येणाऱ्या नळाचें पाणी एका पेल्यांत आणि गच्चीवरच्या टाकीचें दुसऱ्या पेल्यांत घेऊन शेजारीं शेजारीं ठेवावें. पहिलें स्वच्छ व दुसरें गढूळ असेल तर म्युनिसिपालिटीला दोष देऊन उपयोग नाहीं; अपराधी इमारतीच्या आंत आहे. दोन्ही गढूळ असतील व समोरच्या इमारतींतहि तीच तक्रार असेल, तर मात्र रस्त्याखालचा नळ फुटला आहे असें मानून त्याच दिवशीं कळवावें. तारीख व वेळ लिहिलेली पाण्याची बाटली सोबत नेली, तर तक्रारीचें वजन वाढतें.

बहुसंख्य घरांत हा शोध शेवटीं टाकीपाशीं येऊन थांबतो. शहरी इमारतींना दोन टाक्या असतात : एक जमिनीखालीं, दुसरी गच्चीवर. खालच्या टाकीचें तोंड अंगणाच्या पातळींत असलें तर पहिल्या जोरदार पावसांत अंगण धुऊन निघालेलें पाणी सरळ टाकींत उतरतें. मैल्याचें चेंबर टाकीपासून चार हातांवर असेल व टाकीच्या भिंतीला तडा असेल, तर काय होतें तें सांगावयास नको. गच्चीवरील टाकीचें झांकण वाऱ्यानें सरकलेलें किंवा फुटलेलें असतें आणि कबूतर, पाल, पानें यांना आंत मज्जाव उरत नाहीं. डांसांना तर अशा टाक्या अत्यंत प्रिय. १९११ सालीं डॉ. बेंटली यांनीं मुंबईंतील हिवतापाची चौकशी केली तेव्हां शहरांतील विहिरींकडे बोट दाखविलें होतें, आणि विहिरींतला तोच डांस आतां उघड्या टाक्यांतून वाढतो. म्हणून झांकण घट्ट बसणारें असावें, जादा पाणी जाण्याच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी असावी, खालच्या टाकीची कड जमिनीपासून उंच उचललेली असावी, आणि वर्षांतून निदान दोन वेळां, त्यांतील एक वेळ पावसाळ्यापूर्वीं, टाकी उपसून, घासून, क्लोरीनच्या पाण्यानें धुवावी. येथें एक इशारा आवश्यक आहे. बराच काळ बंद असलेल्या भूमिगत टाकींत श्वासास योग्य हवा नसते. तिचें तोंड कांहीं वेळ उघडें ठेवून हवा खेळविल्याशिवाय व वर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय कोणालाहि आंत उतरूं देऊं नये.

नळांच्या इतर कुरबुरींचीहि कारणें सांपडण्यासारखीं असतात. वरच्या मजल्यावर धार बारीक येते, ही नित्याची तक्रार. पाण्याचा दाब उंचीवर अवलंबून असतो; दहा मीटर उंचीच्या पाण्यानें दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलोग्रॅम दाब पडतो. टाकी नळापेक्षां अवघी तीन मीटर उंच असेल, तर सर्वांत वरच्या बिऱ्हाडाला त्याच्या तीनदशांश एवढाच दाब मिळणार. त्यांत कोणाचा दोष नाहीं. परंतु पूर्वीं चांगली असलेली धार कमी झाली तर कारण आहे. एकाच तोटीची कमी झाली असल्यास तिच्या तोंडाची जाळी काढून पाहावी; तींत रेतीचे कण व गंजाचे पापुद्रे अडकलेले सांपडतील. सर्वच नळांची धार कमी झाली असल्यास मुख्य झडप अर्धवट बंद राहिली आहे काय तें पाहावें, आणि ती पूर्ण उघडी असेल तर लोखंडी नळ आंतून किटणानें बुजत आला आहे असें समजावें. नळ चट्कन् बंद करतांच भिंतींत धाडकन् आवाज होतो, तो भुताचा नव्हे. धांवतें पाणी एकदम अडविल्यामुळें नळावर बसलेला तो धक्का असतो. चावी सावकाश बंद करावी व सैल झालेले नळ भिंतीला पक्के आवळून घ्यावे. एरवीं त्या धक्क्यांनीं सांधे ढिले होतात.

ठिबकणाऱ्या नळाकडे बहुतेक घरांत काणाडोळा केला जातो. त्याखालीं एक वाटी ठेवून घड्याळ पाहावें. दहा मिनिटांत शंभर मिलिलिटर पाणी जमलें तर दिवसाला चौदा लिटरांहून अधिक व महिन्याला चारशें लिटरांहून अधिक पाणी मोरींत गेलें असा हिशेब होतो. आणि तें बहुधा एका झिजलेल्या वॉशरपायीं! शौचकूपाच्या टाकीची गळती तर दिसतहि नाहीं. त्या टाकींत कपड्यांची थोडी नीळ टाकावी. पाणी न सोडतांच खालीं निळी छटा उतरली तर आंतील झडप बदलण्याची वेळ आली आहे. तसेंच, नळाला लावलेल्या रबरी नळीचें टोंक बादलींतील पाण्यांत बुडवून ठेवूं नये. पुरवठा मध्येंच बंद पडला तर बादलींतलें साबणाचें पाणी उलट्या वाटेनें पिण्याच्या नळांत खेंचलें जातें.

राहतां राहिला यंत्रांचा प्रश्न. दुकानदार लहानसें उपकरण पाण्यांत बुडवून एक आंकडा दाखवितो व गिऱ्हाईक घाबरतें. तो आंकडा पाण्यांत विरघळलेल्या क्षारांचा असतो; जंतूंविषयीं तो एक अक्षरहि बोलत नाहीं. लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार मानकाला मान्य आहेत, आणि धरणाच्या पाण्यांत सामान्यतः त्यांहून पुष्कळच कमी असतात. अशा घरांत क्षार काढून टाकणारें आर. ओ. यंत्र बसविणें म्हणजे नसलेल्या रोगावर औषध घेणें होय. शिवाय तें बरेंचसें पाणी मोरींत सोडतें. कूपनलिकेच्या खाऱ्या व जड पाण्याला मात्र तें उपयोगी पडतें. तुरटीनें पाणी निवळतें, परंतु निर्जंतुक होत नाहीं. मेणबत्तीच्या आकाराच्या गाळणीनें गाळ व पुष्कळसे जंतु अडतात, पण काविळीचे विषाणु तींतून निसटूं शकतात. उकळणें हाच अद्यापि घरगुती उपायांचा राजा आहे. पाणी केवळ कढत करून भागत नाहीं; त्याला खळखळून आधण आलें पाहिजे, व तें निदान मिनिटभर तसेंच राहूं द्यावें. मात्र उकळण्यानें शिसें किंवा खारेपणा जात नाहीं, हेंहि विसरूं नये.

इतकें सारें करून शेवटच्या दोन हातांच्या अंतरांत पाणी बिघडतें, असाच अनुभव पुष्कळ ठिकाणीं येतो. उकळून थंड केलेलें पाणी माठांत ओतलें जातें, आणि बाहेरून खेळून आलेलें मूल त्याच माठांत पेला बुडवितें. पेल्याबरोबर त्याचीं बोटेंहि बुडतात. शंभर किलोमीटर दुरून, वाळूंतून गाळून, औषध घालून आणलेल्या पाण्याचें सारें पावित्र्य त्या एका क्षणांत संपतें. जुन्या घरांत पाण्याच्या भांड्यावर झांकण व झांकणावर लांब दांड्याचें ओगराळें असे, आणि पाणी घेणारानें आधीं हात धुवावे असा दंडक असे. त्या चालीमागें सोंवळ्याची भावना होती. आतां तिच्यामागें विज्ञानाचेंहि बळ उभें आहे.

तात्पर्य, पहाटे नळाला तांबूस पाणी आलें म्हणून घाबरूं नये, आणि तें नंतर स्वच्छ झालें म्हणून निश्चिंतहि होऊं नये. पहिली धार वेगळी काढावी, पेल्यांत पाणी पाहावें, वास घ्यावा, शेजाऱ्याला विचारावें. पावसाळ्यांत, किंवा वस्तींत कावीळ अथवा अतिसार दिसतांच, आणि घरांत तान्हें मूल, वृद्ध किंवा गर्भवती असेल तर बाराहि महिने, पाणी उकळूनच प्यावें. सोसायटीच्या सभेंत रंगरंगोटीची चर्चा तासभर चालते. त्यांतील पांच मिनिटें टाकीच्या झांकणाला दिलीं तर त्या इमारतींतील पुष्कळ आजारपणें टळतील. तलाव राखणें हें नगरपालिकेचें काम, रस्त्याचा नळ राखणें हेंहि तिचेंच. परंतु टाकीपासून तांब्यापर्यंतचा पहारा घरच्या माणसांनींच करावयाचा असतो.